पिवळ्या बोटांचे मोमीन सर

परवा पुन्हा एक तसलंच पत्र हातात पडलं. गुळगुळीत कागद, कोपऱ्यात दिव्याचं चित्र आणि खाली मजकूर: अल्पसंख्याक आणि वंचित समाजांतल्या विज्ञान विद्यार्थ्यांची परिषद भरणार आहे, आपण तज्ज्ञ म्हणून यावं, सोबत आपल्या महाविद्यालयातल्या 'लाभार्थी' विद्यार्थ्यांची संख्या कळवावी. 'लाभार्थी' वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. माझ्या विद्यार्थिनींची लग्नं होऊन त्यांची पोरं शाळेत जायला लागली, तरी ह्या लोकांचा शब्द काही बदलत नाही. मी पत्र टेबलावर आपटलं. शेजारच्या बाई दचकून म्हणाल्या, "मॅडम, एवढं काय झालं?" त्यांना काय सांगणार, कपाळ! मोमीन सर असते तर ते माझ्या आधी आपटून मोकळे झाले असते.

शिरूर कासारच्या आमच्या कॉलेजात मोमीन सर रसायनशास्त्र शिकवायचे. बेताची उंची, पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत वर सरकवलेल्या, आणि उजव्या हाताची तीन बोटं कायम पिवळी. बसस्टँडवरच्या हॉटेलात कुणी म्हणायचं, मास्तर विड्या लई ओढतात. सरांनी जन्मात विडी ओढली नव्हती. तो पिक्रिक आम्लाचा डाग होता, साबणाला दाद न देणारा. त्या आम्लाची बाटली सर कपाटात कुलूप लावून ठेवायचे आणि आतलं आम्ल पाण्याखाली बुडालेलं आहे की नाही, ते रोज सकाळी बघायचे. ते कोरडं पडलं तर भडका उडतो. "ह्याला आन् मला, दोघान्लाबी कोरडं पडू द्यायचं न्हाई बे," असं पोरांना सांगायचे आणि लगेच चहा मागवायचे.

सर सदा चिडलेले. पण त्यांच्या चिडण्याला एक शिस्त होती. पोरांवर ते चिडत नसत. चिडायचे ते नळावर, स्पिरिटच्या दिव्याच्या वातीवर, सहा महिने न आलेल्या फिल्टर पेपरवर. पहिल्याच प्रॅक्टिकलला माझ्या हातून ब्युरेट फुटली. मी धनगराची पोरगी, हातात काठी धरायची सवय, त्या काचेच्या नळीला कसं धरायचं कुणाला ठाऊक! मी रडायला लागले. सर आले, खाली वाकले आणि त्या तुकड्यांनाच झापायला लागले, "तुला नीट धरून घेता येत न्हाई का? पोरगी पहिल्यांदा आली, तेवढं बी कळत न्हाई?" मग माझ्याकडं बघून म्हणाले, "काच फुटतीच, बेटा. तू कावून रडतीस?" सगळा वर्ग हसला, मीही हसले, आणि त्या दिवशी मला रसायनशास्त्र आवडायला लागलं.

त्याच वर्षी प्राचार्यांनी कॉलेजला एक कॉम्प्युटर आणला. त्याला हार घातला, नारळ फोडला, वर प्लॅस्टिकचं कव्हर चढवलं आणि खोलीला कुलूप लावलं. गावात तेव्हा नवा एसटीडी बूथ आला होता, रंगीत टीव्ही आले होते, जो तो म्हणायचा की देश आता खुला झाला. त्या कुलपासमोरून जाताना सर दर वेळी थांबून कडक सलाम ठोकायचे आणि प्राचार्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचे, "देश खुला झाला म्हणं. आपलं कव्हर तेवढं काढा की साहेब!" त्यांची पगारवाढ दोनदा अडली, ती ह्याच सलामापायी.

त्या पिवळ्या बोटांचं खरं कारण मला कळलं ते दुसऱ्या वर्षाला. पावसाळ्याच्या शेवटी आमची मेंढरं कापलेल्या ज्वारीच्या रानात शिरली. मधे पावसानं ताण दिला होता, मग दोन सरी आल्या आणि बुडख्यांना कोवळे फुटवे आले. मेंढरांनी ते खाल्ले आणि घटकाभरात पटापट आडवी झाली, तोंडाला फेस, पाय ताणलेले. माझा बाप, आम्ही त्याला अण्णा म्हणतो, तो रानाच्या मालकावर काठी घेऊन धावला. ह्यानं मुद्दाम औषध टाकलं, असं त्याचं म्हणणं. मालकाचे भाऊ कुऱ्हाडी घेऊन आले. मी कॉलेजात निरोप मिळाल्यावर रडत निघाले, तर सर म्हणाले, "थांब. मी येतो."

सायकलवर आले. डबल सीट मी, माझ्या मांडीवर जेवणाचा डबा, आणि डब्यात परीक्षानळ्या. रानात पोचले तेव्हा दोन्हीकडची माणसं शिव्यांवर आली होती. सर मधोमध जाऊन उकिडवे बसले. चार फुटवे उपटले, ठेचले, नळीत घातले, दोन थेंब क्लोरोफॉर्मचे टाकले, आणि खिशातून पिक्रिक आम्लात बुडवून वाळवलेली एक पिवळी कागदाची पट्टी काढून बुचाला लटकवली. मग ती नळी अण्णांच्या मुठीत दिली. "अण्णा, मूठ गरम हाय तुमची. जरा दाबून धरा."

"हे काय खूळ?" अण्णा म्हणाले, पण धरली. थोड्या वेळानं मूठ उघडली तर पट्टी विटकरी लाल. सरांनी दुसऱ्या नळीत रानातलंच साधं गवत घातलं आणि ती मालकाच्या मुठीत दिली. ती पट्टी पिवळीच राहिली. "हे विष कुणी टाकलं न्हाई," सर ओरडूनच म्हणाले, त्यांना हळू बोलता यायचंच नाही. "ज्वारीनं सोता केलं हाय. ताण बसला, कोवळी फुटली, की ती विष तयार करती. कागद खोटं बोलत न्हाई. आता त्या कुऱ्हाडी खाली ठेवा बे, का माझ्यावरच चालवताव?" कुऱ्हाडी खाली आल्या. मालकानंच चहा सांगितला.

चहा पिता पिता सरांनी अण्णांना विचारलं, "कळपात किती होत्या न् किती गेल्या?" आणि सगळ्या धनगरांनी चहाचे कप खाली ठेवले. मी सरांच्या शर्टाची बाही ओढली. आमच्यात कळप मोजून तोंडानं सांगत नाहीत. आकडा बोलला की कळपाला दृष्ट लागते, तो घटतो, असं आमची माणसं मानतात. कागदावर मांडणं तर त्याहून वाईट. पण म्हणून हिशेब नसतो असं नाही हं! अण्णांच्या पटक्यात लोकरीचा पांढरा दोरा असायचा. जितकी जनावरं तितक्या गाठी, जे दगावलं त्याच्या गाठीत काळी लोकर गुंफलेली. गाठ मारायला आणि मनात मोजायला हरकत नव्हती, फक्त ओठांवर आणायचं नाही.

दुसरा मास्तर असता तर त्यानं अंधश्रद्धेवर भाषण ठोकलं असतं. मोमीन सरांनी तो दोरा हातात घेतला, त्या पिवळ्या बोटांनी एकेक गाठ चाचपली आणि त्यांचे डोळे चमकले. "अण्णा, हे तर रजिस्टर हाय! माझ्या हजेरीपेक्षा चांगलं हाय!"

तिथून आमचं काम सुरू झालं. सर आणि मी फिल्टर पेपरच्या पट्ट्या बुडवायचो, वाळवायचो, माझीही बोटं पिवळी झाली. चौदा धनगरांना आम्ही पट्ट्या आणि नळ्या दिल्या. रानात शिरायच्या आधी फुटवा ठेचायचा, पट्टी बघायची, ती वहीत चिकटवायला ठेवायची आणि आपल्या दोऱ्यात गाठी मारायच्या. गाठी आम्ही मनात मोजायचो आणि वहीत फक्त प्रमाण मांडायचो, शंभरात किती दगावल्या ते. आकडा कुठंच नाही. हा नियम सरांनी घातला होता. "त्यांनी आपल्याला दोरा दिला, आता त्यांचा शब्द आपण पाळायचा," म्हणाले. दोन हंगामांत दिसलं ते असं की ज्यांनी पट्टी बघून कळप वळवला, त्यांच्या दोऱ्यांत काळी लोकर जवळजवळ आलीच नाही. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि माझ्या हातून काहीतरी खरं झालं होतं.

आणि त्याच वेळी घरात माझं लग्न ठरत होतं. परीक्षा झाली की अक्षता, असं अण्णांनी स्थळ आणणाऱ्या मावशीला सांगून टाकलं होतं. मला पुढं शिकायचं होतं, पण एम.एस्सी.चा खर्च आणि शहरातलं राहणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. तेवढ्यात ते पहिलं पत्र आलं. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेनं अल्पसंख्याक आणि मागास समाजांतल्या विज्ञान विद्यार्थ्यांची परिषद ठेवली होती. निवडलेल्या एका विद्यार्थ्याला पुढच्या शिक्षणाची आणि राहण्याची सगळी सोय. सर पत्र घेऊन थेट अण्णांकडं गेले. अण्णा म्हणाले, "सोय झाली तर शिकू दे. न्हाई झाली तर मांडव." माझं सगळं त्या एका परिषदेवर येऊन ठेपलं.

पत्रात शेवटी एक ओळ होती: विद्यार्थ्यांनी आपापल्या पारंपरिक वेशभूषेत यावं. सर ती ओळ वाचून इतके तापले की चहाचे दोन कप लागले. "शास्त्राच्या परिषदेला घोंगडं पांघरून जायचं का? आन् मी काय, अचकन घालू का? ह्यांच्या घरची वरात हाय का?" मी साधी साडी नेसून गेले. बाकीच्या धनगरांचे दोरे पिशवीत होतेच, निघताना अण्णांनी आमच्या घरचा दोरा माझ्या हातात ठेवला. मेंढ्या व्यायला आल्या होत्या, सगळ्यात नाजूक दिवस. "समदं सांग," म्हणाले, "पर आपला कळप तेवढा मोजू नगंस."

एसटीनं नगरमार्गे पुण्यात पोचलो. संस्थेच्या काचेच्या दरवाज्यातून मोठे पाहुणे येणार होते, म्हणून आम्हा विद्यार्थ्यांना मागून, स्वयंपाकघराच्या बाजूनं आत घेतलं. आत एकानं छातीवर बिल्ले लावले. माझ्यावर लिहिलं होतं 'लाभार्थी'. सरांच्या बिल्ल्यावर 'पालक'. व्यासपीठावर एक गृहस्थ सांगत होते की देशाची दारं आता उघडली आहेत, संधी सर्वांना आहे. सर मागं वळून स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत मोठ्यानं म्हणाले, "हां, बघितलं दार." मग त्यांनी बिल्ला काढला, उलटा केला, पेननं त्यावर 'रसायनशास्त्र' लिहिलं आणि पुन्हा लावला.

माझी पाळी दुपारी आली. समोर तीन परीक्षक, मधे अध्यक्ष, रेशमी झब्बा घातलेले. मी वही दाखवली, पट्ट्या दाखवल्या, नळीत फुटवा ठेचून प्रयोग करून दाखवला. पट्टी लाल झाली. एक शब्द चुकला नाही. अध्यक्षांनी वही चाळली आणि विचारलं, "सगळी नुसती टक्केवारी. मूळ आकडे कुठायत? बरं, ते राहू द्या. तुमच्या स्वतःच्या घरी मेंढ्या किती?"

मी पिशवीतल्या दोऱ्यावर हात ठेवला.

"घरच्या मेंढ्या माहीत नाहीत?"

मला आकडा माहीत होता. जिभेच्या टोकावर होता. पण डोळ्यांसमोर अण्णा आले, त्या व्यायला आलेल्या मेंढ्या आल्या, आणि तोंडातून निघालं, "बक्कळ हायेत."

सभागृह हसलं. नुसतं हसलं नाही, टाळ्या वाजवून हसलं. अध्यक्ष म्हणाले, "बाळ, विज्ञानात बक्कळ हा आकडा नसतो." मी पिशवीतून घरचा दोरा काढला आणि टेबलावर ठेवला. "ह्यात हायेत, सर. तुमी मोजा. मला बोलता येत न्हाई." त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत तो उचलला, मेलेलं काही उचलावं तसा, आणि म्हणाले, "विज्ञान परिषदेत गंडेदोरे? हे तर आपण घालवायला निघालोय."

मागच्या रांगेत खुर्ची पडल्याचा आवाज झाला. सर उभे होते. "साहेब, तो गंडा न्हाई, नोंद हाय. चौदा जणांच्या नोंदी हायेत तिच्या पिशवीत. तुमाला गाठी मोजता येतात का न्हाई? बोटं हायेत का न्हाईत? मग मोजा की! तिनं शब्द पाळला म्हणून हसता?"

"आपण पालक आहात. कृपया बसून घ्या."

"मी पालक न्हाई. मी तिचा गाईड हाय. आन् मी बसणार न्हाई."

दोन जणांनी त्यांना हात धरून बाहेर नेलं. जाताना ते पुन्हा पुन्हा एकच ओरडत होते, "मोजा की! मोजा की!" मी घरचा दोरा परत पिशवीत ठेवला. अध्यक्षांनी उदार होऊन सांगितलं की महिन्याभरात घरच्या कळपाचा तरी मूळ आकडा लेखी पाठवा, मग तुमचा विचार करू, तोवर जागा राखून ठेवतो.

बाहेर पडले तर एक गोड बोलणाऱ्या बाई आल्या. "किती सुंदर आहेत गं हे दोरे! आमच्या प्रदर्शनात दोन दिवस लावू?" माझ्यात 'नाही' म्हणायची ताकद उरली नव्हती. मी आमच्या घरच्या दोऱ्यासकट सगळे दोरे देऊन टाकले. अजून त्या क्षणाचा मला संताप येतो, त्या बाईंपेक्षा माझा जास्त. दोन दिवसांनी परिषद संपताना मागायला गेले तर त्या बाईही भेटल्या नाहीत आणि दोरेही. सरांना एसटीत बसल्यावर सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "तू कावून रडतीस?" पण ह्या वेळी तुकड्यांना झापायला ते वाकले नाहीत.

अण्णांचा कळप तेव्हा गेवराईकडं, गोदावरीच्या अंगाला होता. सर माझ्याबरोबर तिथं आले. भर दुपारी बाभळीखाली बसून त्यांनी झालं ते सगळं सांगितलं, पण आकडा द्या असं एकदाही म्हणाले नाहीत. चहा पीत राहिले. अण्णांनीच विचारलं, "म्हंजी पोरीनं माझ्यापाई तोंड उघडलं न्हाई?"

"न्हाई उघडलं."

"आन् ते हसले?"

"हसले."

अण्णांनी पटका काढून मांडीवर ठेवला. बराच वेळ मेंढरांकडं बघत बसले. एक मेंढी नुकतीच व्यालेली, पिल्लू उभं राहायचा प्रयत्न करत होतं. मग अण्णा कळपाकडं पाठ करून बसले. "लिहा सर."

"अण्णा, ऱ्हाऊ द्या. मी दुसरा रस्ता बघतो. औरंगाबादला जाऊन पाय धरीन कुणाचे."

"लिहा म्हनलं ना! पोरीचं शिक्षण मोठं का माझं भ्या मोठं?"

अण्णांनी आकडा सांगितला. इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. सरांनी डाव्या हातानं आडोसा करून तो लिहिला, कागदाची घडी घातली, लगेच पाकिटात घालून पाकीट डिंकानं बंद केलं आणि वरून दोन्ही हात दाबून धरले. तो आकडा मी ऐकला आहे. इथं लिहिणार नाही.

सरांनी पाकीट रजिस्टरनं पाठवलं. पोचपावती आली, त्यावर कुणाची तरी फराटेदार सही. महिना गेला. उत्तर नाही. सरांनी बूथवरून फोन केले, पलीकडून कुणी म्हणे, साहेब मीटिंगमध्ये आहेत. सरांनी काचेच्या केबिनमध्ये उभं राहून त्या रिसीव्हरला जे ऐकवलं, ते बाहेर उभ्या असलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावून ऐकलं. शेवटी ते रजा टाकून स्वतः पुण्याला गेले. कशाला, तर म्हणाले, "माणसानं जन्माचा नेम मोडून शब्द दिलाय. तुमाला नको असंल तर परत द्या. कळपाचा आकडा तुमच्या फायलीत कावून पडून ऱ्हावा?"

दोन दिवसांनी परतले ते थेट गेवराईच्या रानात, मीही होते. पिशवीतून त्यांनी ते पाकीट काढून अण्णांच्या हातात दिलं. डिंक जसाच्या तसा. पाकीट कुणी उघडलंच नव्हतं. टेबलाखालच्या ढिगात, न उघडलेल्या पत्रांत पडलेलं सापडलं, शिपायानं काढून दिलं. जागा तर आधीच कुणाला तरी देऊन झाली होती, आम्ही घरी पोचायच्या आत.

मी फुटक्या मडक्यासारखी बसले. इतका राग मला आयुष्यात कधी आला नाही. माझ्या बापानं पाठ फिरवून, डोकं उघडं करून जे सांगितलं, ते वाचायचेही कष्ट नाहीत? नसतील द्यायच्या जागा तर नका देऊ, पण निदान पाकीट तरी फोडा की मेल्यांनो!

अण्णा मात्र पाकीट उलटसुलट करून बघत होते. "म्हंजी आकडा कुनी वाचला न्हाई?"

"कुणी न्हाई, अण्णा. तुमचा आकडा तुमच्यापाशी आला."

"आन् दोरे?"

सरांचा चेहरा बदलला. दोरे सापडले होते. संस्थेच्या जिन्यात काचेच्या फ्रेममध्ये, मखमलीवर, खाली पाटी: ग्रामीण हस्तकला. भिंतीला स्क्रूनं ठोकलेली फ्रेम, राखणदार हात लावू देईना. तेव्हा सर तिथंच जिन्यात उभे राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या धक्क्यांत त्यांनी सगळ्या दोऱ्यांच्या सगळ्या गाठी मनात मोजल्या, पांढऱ्या वेगळ्या, काळ्या वेगळ्या. खिशातून वही काढून आमचं प्रमाण पुन्हा ताडून पाहिलं. मला म्हणाले, "एक गाठ चुकली न्हाई, बेटा. तुझं टेबल बरोबर हाय. मी सोता बघितलं."

एवढं बोलून ते मेंढरांकडं वळले आणि शर्टाच्या बाहीला नाक पुसलं. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच.

अण्णांनी चुलीतलं जळतं लाकूड ओढलं आणि पाकीट त्यावर धरलं. त्याची पुरती राख होऊ दिली. मग पटका बांधत अण्णा म्हणाले, "सर, आकडा कुनी वाचला न्हाई, पर मी तर बोललोच ना? पोरीच्या शिक्षणापाई बोललो. आता तिनं न शिकून कसं चालंल? मांडव ऱ्हाऊ द्या. औरंगाबादला किती लागतंय ते मी बघतो, तुमी फॉर्म भरा."

सरांनी फॉर्म भरला. जातीच्या दाखल्यापासून वसतिगृहाच्या खाटेपर्यंत सगळीकडं भांडून, आरडाओरडा करून, चहाचे पेलेच्या पेले रिचवून त्यांनी मला तिथं पोचवलं. वसतिगृहाच्या फाटकाशी मला पट्ट्यांचा एक पुडा दिला आणि म्हणाले, "बोटं पिवळी ठेव." वळून न बघता गेले.

परवाचं ते पत्र अजून टेबलावर पडलंय. संख्येचा रकाना रिकामा आहे. तो कसा भरायचा हे मला सरांनीच दाखवून ठेवलंय, त्यांच्या निरोपाच्या दिवशी.

सर निवृत्त झाले तेव्हा मी नोकरीच्या गावाहून आले होते. कॉलेजच्या आवारात मांडव, शाल, नारळ, आणि बाहेरगावचे एक पुढारी पाहुणे. सर हडकले होते, पण बाह्या तशाच वर आणि बोटं तशीच पिवळी. पुढच्या रांगेत अण्णा बसले होते, खांद्यावर घोंगडं, काठी दोन पायांत. भाषणं झाल्यावर पाहुण्यांनी माइक पुढं केला. "सर, इतक्या वर्षांत तुमच्या हाताखालून किती विद्यार्थी घडले? नक्की आकडा सांगा, उद्या पेपरात द्यायचाय."

सरांनी माइक हातात घेतला. मला वाटलं, आता भडका उडणार. त्यांनी मांडवभर नजर फिरवली, मागच्या पोरांवर, माझ्यावर, आणि ती अण्णांवर येऊन थांबली. मग त्या पुढाऱ्याकडं पाठ करून त्यांनी माइक तोंडाशी धरला.

"बक्कळ हायेत," म्हणाले, आणि माइक खाली ठेवून चहा मागितला.